फॅशनचा मामा

मराठी भाषेने मामाला फारसे चांगले वागवलेले नाही. मावशी लाड करते, आत्या आहेर घेते, काका निदान वडिलांशी भांडून वाटणी तरी मागतो. मामा मात्र बनवला जातो. शाळेतल्या शिपायाला आपण मामा म्हणतो, चौकातल्या हवालदाराला मामा म्हणतो. ज्याच्याकडून फुकट काम करून घ्यायचे त्याला आधी मामा म्हणावे, अशी आपली जुनी रीत आहे. बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेली पोरेही हल्ली मला 'काका' म्हणत नाहीत, 'मामा' म्हणतात, तेव्हाच मी ओळखतो की यांच्याकडे स्लिप नाही, पेन नाही आणि बहुधा पासबुकही घरी राहिले आहे.

परंतु माझे मामापण एवढ्यावर भागलेले नाही. गेली तीन वर्षे मी माझ्या सख्ख्या भाचीच्या फॅशन शोंचा मामा आहे. ती नाशिकची होतकरू फॅशन डिझायनर आहे. 'होतकरू' हा मोठा फसवा शब्द आहे. त्यातले 'होत' पुढच्या वर्षी असते आणि 'करू' त्याच्याही पुढच्या. मधल्या काळात मंगल कार्यालयाचे भाडे, दिवेवाल्याची उचल आणि मॉडेल मुलींचा वडापाव हे सगळे चालू वर्षातच द्यावे लागते आणि त्याचा हिशेब ठेवायला घरात एक कॉमर्स पदवीधर लागतो. आमच्या घराण्यात तेवढा मी एकच.

फॅशनशी माझा पूर्वसंबंध म्हणाल तर शून्य. माझ्या लहानपणी डिझायनर नव्हता, शिंपी होता. तो मापे घेताना आई शेजारी उभी राहून एकच सूचना देई, "वाढत्या अंगाचं शिवा." त्यामुळे पहिले वर्ष मी त्या शर्टात राहत असे आणि तिसऱ्या वर्षी शर्ट माझ्यावर राहत असे. मधल्या वर्षी तो बरोबर बसायचा, पण तोपर्यंत त्याचा रंग गेलेला असायचा. २००० साली दिल्लीत भारतातला पहिला मोठा फॅशन आठवडा साजरा झाला, तेव्हा मी बी.वाय.के. कॉलेजात कॉमर्स शिकत होतो. माझाही फॅशनचा आठवडा होताच. सोमवार, बुधवार, शुक्रवार निळी पँट आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार करडी. रविवारी दोन्ही दोरीवर.

तेव्हा भाचीने बारावीनंतर "मी फॅशन डिझायनर होणार" असे जाहीर केले, त्या दिवशी घरात जी शांतता पसरली तिला मीही हातभार लावला होता. आमचे दाजी सिन्नरच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या मते फॅशन डिझायनर म्हणजे ज्याला काज-बटण करता येत नाही असा शिंपी. भाचीने त्यांना वैशाली शडांगुळ्यांची गोष्ट सांगितली. या बाई मूळच्या मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या. मुंबईत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केला, हातमागाच्या कापडाचा आणि आपल्या खणाचा हट्ट धरला आणि २०२१ साली पॅरिसमध्ये उंची कपड्यांचा जो जगप्रसिद्ध आठवडा भरतो त्यात जागा मिळवली. त्या मानाच्या आठवड्यात पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर त्याच.

दाजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "खण? आपल्या आईच्या चोळीचा खण?"

"हो बाबा."

"तो तर माळ्यावरच्या ट्रंकेत आहे."

"पॅरिस माळ्यावर पडलंय आणि हा माणूस मला सांगत नाही!" असे ताई म्हणाली आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढली. ट्रंकेतून सतरा खण, दोन जरीच्या टोप्या आणि एक पैठणी निघाली. पैठणी आमच्या आईची. हेच भाचीचे पहिले भांडवल. दुसरे भांडवल मुद्रा योजनेचे. या योजनेत कर्जाच्या रकमेप्रमाणे शिशू, किशोर आणि तरुण असे गट आहेत. भाची वयाने तरुण, कर्जाने किशोर आणि अनुभवाने शिशू होती. माझ्या वयाच्या माणसासाठी मात्र प्रौढ गट ठेवलेला नाही. आम्ही नुसते फॉर्म भरायचे.

पहिला शो गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात झाला. आडवार होता आणि मुहूर्त नव्हता म्हणून भाडे निम्मे. मांडववाल्याने जेवणाची टेबले ओळीने लावून वर लाल जाजम ठोकले आणि रॅम्प तयार केला. तो वारंवार मला विचारत होता, "मामा, नवरदेव कुणीकडून चढणार?" नवरदेव नाही म्हटल्यावर त्याला माझी कणव आली. प्रेक्षकांत सत्तर टक्के नातेवाईक होते. कार्यालय म्हणताच ते अहेराची पाकिटे घेऊन आले होते आणि पंगत नाही म्हणताच पाकिटे घेऊन परत गेले.

दिवे मंद झाले, छातीत धडकी भरेल असे संगीत सुरू झाले आणि एकेक मुलगी गंभीर चेहऱ्याने येऊ लागली. मॉडेलने हसायचे नसते, असा त्या व्यवसायाचा दंडक आहे. कपड्याकडे लक्ष जावे म्हणून. पण आमच्या मोठ्या मावशीचे कपड्याकडे लक्ष जाईना. तिसरी मुलगी तशीच तोंड पाडून आली तेव्हा मावशी मोठ्याने म्हणाली, "अगं, हिला घरी काही जाच आहे का?" पुढच्या मुलीला हसू आवरेना. मग मावशीने तिला जवळ बोलावून नाव, गाव आणि शिक्षण विचारले. हा वधूवर मेळावा आहे, अशी तिची शेवटपर्यंत समजूत होती आणि दोन मुली तिने आपल्या पुतण्यासाठी मनात धरूनही ठेवल्या होत्या.

सगळा शो अकरा मिनिटे चालला. मी घड्याळ लावले होते. अकरा मिनिटांसाठी भाचीने चार महिने घालवले होते. रात्री मी खर्चाची बाजू लिहायला बसलो. हॉल, रॅम्प, दिवे, आवाज, केशभूषा, रंगभूषा, फोटो, व्हिडिओ, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ, पिना. पिना बाराशे रुपयांच्या! या धंद्यात कपडे धाग्याने शिवलेले नसून पिनांनी धरलेले असतात, हे मला त्या दिवशी समजले. जमेच्या बाजूला तीन जॅकिटे आणि मावशीचे आशीर्वाद.

पण तीन जॅकिटे विकली गेली ती खरी गोष्ट. तिन्ही पैठणीच्या कापडाची होती. गिऱ्हाईक काय मागते आहे हे भाचीला कळले आणि आमच्या येवल्याच्या वाऱ्या सुरू झाल्या.

नाशिकहून येवला ऐंशीएक किलोमीटर. निफाड मागे टाकायचे, विंचूरला लासलगावकडे जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांना वाट द्यायची आणि पुढे जायचे. रघूजीबाबांनी पैठणचे विणकर आणून येवल्यात वसवले असे सांगतात. नाव पैठणचे राहिले आणि मागांचा खडखडाट मात्र येवल्यात. टीव्हीवर आदेश बांदेकरांनी २००४ पासून घरोघरच्या वहिनींना पैठणी वाटायला सुरुवात केली आणि जी वस्तू आमच्या आईने वर्षातून दोनदा ट्रंकेतून काढून पुन्हा ठेवली, ती साऱ्या महाराष्ट्राच्या जिभेवर आली. अर्थात जिभेवर येणे आणि अंगावर येणे यात किमतीचा फरक असतोच.

भाचीचे विणकर एका गल्लीत दोन खोल्यांत राहतात. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. माग एवढा मोठा की संसारच कोपऱ्यात ठेवल्यासारखा वाटतो. भाऊ पाय खड्ड्यात सोडून बसलेले, वहिनी कांड्या भरत होत्या. पदरावर मोर घ्यायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने उचलून तेवढ्याच धाग्यांतून न्यायची आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणायची. मान, डोळा, पिसारा, सगळे धागे मोजून. मी मोजणीतला माणूस. नाशिकरोडला नोटा छापतात आणि आम्ही त्या जन्मभर मोजतो. तरीही पाच मिनिटे त्यांची बोटे पाहून मी मोजणे सोडून दिले.

"दिवसाला किती होतं?" मी विचारले.

"भरजरी पदर असला तर बोटभर. डोळे चांगले असले तर दोन बोटं."

म्हणजे भाचीची अकरा मिनिटे या माणसाच्या हिशेबात किती, हा त्रैराशिकाचा प्रश्न मी मनातल्या मनात मांडला आणि उत्तर नको म्हणून सोडून दिला.

वहिनींनी एक गोष्ट शिकवली. त्यांनी तयार पदर उलटा करून पुढे धरला. उलटा कुठला आणि सुलटा कुठला, मला सांगता येईना. "हीच ओळख," त्या म्हणाल्या. "यंत्रावरच्या मालाला मागनं धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. हाताच्या पैठणीला मागची बाजूच नसते. दोन्हीकडून तोच मोर." मला हे फार पटले. आम्हीही चेक उलटा केल्याशिवाय पुढे सरकवत नाही.

दुसरा शो एका हॉटेलच्या हिरवळीवर झाला आणि त्यात भाचीने मोठी उडी मारली. मालिकेतल्या एका नटीला 'शोस्टॉपर' म्हणून आणले. शोस्टॉपर म्हणजे शो थांबवणारी. आमच्याकडे तो मान एरवी विजेला असतो. नटी आली, चालली, सेल्फी झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत नटीचा चेहरा आणि पैठणीची बाही दिसत होती. भाची खूश, ताई खूश, दाजींनी तर तो अंक कारखान्यात नेला.

मी खर्चाची बाजू लिहिली. सगळ्यांना रोख मिळाले होते, कारण ही मंडळी पैसे घेतल्याशिवाय दिवा लावत नाहीत, आवाज सोडत नाहीत आणि नटी तर गाडीतून उतरत नाही. सगळ्यात शेवटी एक ओळ उरली. 'विणकर, बाकी रुपये बेचाळीस हजार.' जो सगळ्यांत आधी काम करून मोकळा झाला होता, तो यादीत सगळ्यांत शेवटी. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जो दारात येऊन उभा राहत नाही त्याचे पैसे मागे राहतात, एवढाच जगाचा नियम. पहिला महिना गेला, दुसरा गेला. "शोची बिलं सुटली की देते, मामा," भाची म्हणे.

त्याच सुमारास भाऊंचा मला फोन आला. पैशांबद्दल एक अक्षर नाही. नवीन मागासाठी कर्ज काढायचे होते आणि जिथे अर्ज केला तिथे दोन जामीन मागत होते.

"एक आहे माझा साडू," ते म्हणाले. "तोही विणकरच. पण त्याच्या कर्जाला मी जामीन आहे, साहेब. चालतं का असं?"

चालत नाही, असे सांगणे हा माझ्या नोकरीचाच एक भाग आहे. ते वाक्य मी हजारो वेळा म्हटले असेल. त्या दिवशी ते तोंडातून नीट निघाले नाही.

पुढच्या रविवारी भाची मला पांडवलेण्यांवर घेऊन गेली. माल विकायला आता नुसता माल पुरत नाही, त्याच्याबरोबर गोष्ट लागते. तिला पत्रकावर छापायला 'नाशिक आणि कापड' अशा दोन ओळी हव्या होत्या. मी सार्वजनिक वाचनालयातून लेण्यांवरचे पुस्तक आणले होते. दहाव्या लेण्यापाशी बसून आम्ही त्यातला लेखाचा अर्थ वाचायला लागलो, आणि पुढचा अर्धा तास मला फॅशनचा पूर्ण विसर पडला.

हा लेख उषवदाताचा. क्षत्रप नहपानाचा हा जावई. जावई असून देणगी देणारा, म्हणून त्याचे नाव दगडावर कोरले गेले असावे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना दरवर्षी प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी.

मी खिशातून पेन काढले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पैचा मेळ! एकोणीस शतकांपूर्वीचा हिशेब पहिल्या फटक्यात जुळला. आमच्याकडे कित्येकदा कालचा जुळत नाही. शिवाय ही ठेव नगरसभेत जाहीर केली आणि रीतसर दप्तरी नोंदवली, असेही त्याने लिहून ठेवले आहे. मी त्या भिंतीला मनोमन नमस्कार केला. हा शिलालेख बौद्धांचा, इतिहासकारांचा असेल. मला तो आमच्या खात्याचा वाटला.

"मामा, यात पत्रकावर छापण्यासारखं काय आहे?" भाचीने विचारले.

"हे आहे, की तेव्हा विणकर ही बँक होती," मी म्हणालो. "राजाचा जावई पैसे ठेवायला विणकराकडे जायचा. तारण कसलं? त्यांचा शब्द, त्यांचा माग. आज त्याच विणकराला दोन जामीन लागतात."

भाची काही बोलली नाही. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडने पुढे गेले की लागते. तिथूनच जवळच्या हॉलसाठी तिने तिसऱ्या शोची उचल द्यायची ठरवले होते. पायऱ्या उतरताना अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि तिने कुणाला तरी फोन केला. "नाही ताई, या वेळी शोस्टॉपर नको," एवढेच मला ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी विणकरांची बाकी गेली. मी आकडा टाकला बेचाळीस हजार आठशे चाळीस. आठशे चाळीस कसले, असे भाचीने विचारले नाही. तिनेही लेण्यात गुणाकार पाहिला होता. दोन महिने, दरमहा शेकडा एक.

तिसऱ्या शोला भाऊ आणि वहिनी येवल्याहून आले. आपण विणलेले कापड शेवटी कुणाच्या अंगावर जाते, हे दोघांनी पहिल्यांदाच पाहिले. भाचीने त्यांना पहिल्या रांगेत बसवले. एक मुलगी राघू रंगाचे जॅकिट घालून, तोच तो ठरलेला दुःखी चेहरा करून, पुढे आली, वळली, आणि वहिनी उठल्या. शांतपणे रॅम्पजवळ गेल्या, त्या मुलीच्या जॅकिटाचा काठ धरला आणि उलटा केला. संगीत चालूच होते. मुलगी जागच्या जागी थिजली. शोस्टॉपर नको म्हटले तरी ती नशिबात असली की मिळतेच.

आत अस्तर होते. चांगले मऊ, महागाचे अस्तर.

"झाकलं का गं?" वहिनींनी भाचीला विचारले. आवाजात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. "मागची बाजू झाकली तर हे हाताचं आहे, हे कुणाला कसं कळायचं?"

सगळे सभागृह गप्प झाले. मावशीसुद्धा. सहा महिने जे शिक्षण घेऊन, फी भरून भाचीला कुणी शिकवले नव्हते, ते एका वाक्यात शिकवून वहिनी जागेवर जाऊन बसल्या.

चौथ्या शोची जॅकिटे वेगळी होती. अस्तर बटणांवर लावलेले, काढता येणारे. मुली रॅम्पच्या टोकाला येत, अंगातले जॅकिट काढत, उलटे करत आणि पुन्हा घालून परत जात. दोन्हीकडून तोच मोर. तेव्हा पहिल्यांदा मी नातेवाइकांखेरीज इतर माणसांच्या टाळ्या ऐकल्या. एकवीस जॅकिटांची मागणी आली, निम्मी मुंबईची. आत शिवलेल्या पट्टीवर आता भाचीच्या नावाखाली विणकराचे नाव असते. भाऊंच्या कर्जाचे म्हणाल तर माग अजून जुनाच आहे, पण भाची मागणीबरोबर निम्मे पैसे आधी देते आणि साडू आता दोघांच्याही कर्जाशिवाय भागते का ते बघतो आहे.

दाजींचे मात्र अजून समाधान नाही. ते हल्ली चष्मा लावून माझी वही तपासतात. यादीत विणकराची ओळ पहिली आणि दिवेवाल्याची शेवटची, हा बदल त्यांना पसंत पडला. त्याखालच्या टिपेवर बोट ठेवून मात्र ते अडले. 'विणकरास उशीर झाल्यास दरमहा शेकडा एक.'

"हा दर कुठल्या बँकेचा?"

"गोवर्धनच्या."

"गोवर्धनला कुठली शाखा आहे?"

"होती," मी म्हणालो. "आता बंद झाली. पण ठेवीची पावती अजून डोंगरावर आहे."